बिनक्लचच्या ट्रॅक्टराचे पोट उघडिले त्याची हकीकत

श्री. ज्या दैवताचे हाती तेल, पाणी आणि वडीलमाणसांचा राग ही तिन्ही आहेत, त्यास प्रथम नमन असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, पेरूचा हंगाम भरास आला ते समयी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले आहे ऐसीजे. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. उत्तरेस ओढा, दक्षिणेस पाट, पश्चिमेस चढाचा माळ आणि पूर्वेस भावकी, ऐशी चतुःसीमा. आत पेरूची बाग, एक विहीर, एक गोठा आणि पत्र्याची शेड. तख्ती राजश्री रखमाजीराव, ज्यांस सर्व मुलूख आबा म्हणे. वय बहुत, आणि आवाज त्याहून बहुत. त्यांचे चिरंजीव सोपानराव परमुलखी बँकेचे चाकरीस. ते सुटीचे दिवशी दर्शनास येत, आणि बापाचे म्हणणे खरे, बायकोचेही खरे, ऐसा दुतर्फा रुकार देऊन परत कूच करीत. सबब बागेचा सर्व कारभार सूनबाई हेमलताबाई यांचे हाती. बाईंचा डावा पाय लहानपणी तापाने गेला तो बारीकच राहिला, काखेत कुबडी घेतल्यावाचून चालणे होईना. परंतु त्यांणी घरी बसणे पत्करिले नाही, आणि पाच वर्षांमागे हट्ट धरोन एक लहान ट्रॅक्टर आणविला, त्यास क्लच नाही. इतर ट्रॅक्टरांस डाव्या पायाने क्लच दाबावा, मग गियर टाकावा. याचे तैसे नव्हे. इंजिन पंप फिरवी, पंप तेल दाबी, आणि त्या दाबल्या तेलाचे जोराने चाके चालत. उजवे पायाने पायटा, म्हणजे पेडल, पुढे दाबिला म्हणजे पुढे, टाचेने दाबिला म्हणजे मागे. कंपनीचे लोक यास हायड्रोस्टॅटिक म्हणत, राज्यातील लोक तेलगाडा म्हणत. बाई त्यावर बसल्या म्हणजे कुबडी शेडेत राही आणि बागेच्या या टोकापासोन त्या टोकापावेतो त्यांचा अंमल चाले. हे सुख त्यांस माहेरी नव्हते आणि सासरी येऊनही बहुत दिवस नव्हते.

ऐसे असता त्या वाहनास खोड लागली. सकाळी सुरू करावा तो ठीक चाले, मग दोन-चार खेपा जाहल्या की पोटातोन रडका आवाज निघे, आणि माळाचा चढ लागताच पायटा तळास टेकविला तरी जागचा हलेना. मग घटकाभर बंद ठेवोन पुन्हा सुरू करावा, तो जणू काही झालेच नाही ऐशा तोऱ्याने चाले. तेल मोजिले, ते बरोबर. कंपनीचा मिस्त्री आला, त्याणे फिल्टर बदलिला, गुण नाही. मग त्याणे दूर उभे राहोन आवाज ऐकिला आणि निवाडा दिला जे, पंप झिजला, अख्खा डबा बदला. आणि खर्च सांगितला, तो ऐकोन आबांनी त्यास चहासुद्धा पुरता पिऊ दिला नाही. मग एके दिवशी भरल्या क्रेटांसह तो माळाचे माथ्यावर बसला तो बसलाच. कुबडी शेडेत, फोन शेडेत, हाक कोणास पोहोचेना. तेव्हां बाई पेरूच्या फांद्या धरीत धरीत खाली निघाल्या आणि बांधावरून घसरोन कोपर फोडोन घेतले. गाडा मागाहून लोकांनी ढकलीत उतारावरोन शेडेत आणिला. रक्त पाहोन आबांचे पित्त खवळले आणि त्यांणी ओसरीवरून हुकूम सोडिला जे, "इका त्यो गाडा! झुंबरशेटला बोलवा. सून रानात पडती आन् मी हितं बसून बघू व्हय? गियरचा आणा, गडी ठिवा, आन् तू घरी बस." यातील शेवटले तीन शब्द बाईंस कोपराहून अधिक झोंबले. झुंबरशेट म्हणजे जुन्या ट्रॅक्टरांचा सौदागर. त्याचा निरोप आला जे रविवारी येतो. बाईंनी सोपानरावांस फोन लाविला, तिकडोन जबाब आला, "आबा म्हणतात ते काही खोटं नाही. पण तुझंही बरोबरच आहे." ऐशी कुमक आल्यावर बाईंनी ओळखिले जे ही लढाई आपलीच. मग आबांपाशी जाऊन विनंती केली, "रविवारपर्यंत तरी त्याला हात लावू द्या. नाहीच चालला तर मी स्वतः किल्ली देते झुंबरशेटच्या हातात." आबा बोलिले, "खोल. तसाबी भंगारच हाय." याप्रमाणे मुदतीचा तह जाहला.

बाईंनी मनात मसलत केली ती ऐशी. पंप झिजला असता तर घटकाभर विसावा घेऊन बरा कसा होतो? तितक्यात तर तेलही निवत नाही. तस्मात् आत काही आहे. यंत्र तेल ओढू लागले की ते ओढीबरोबर येऊन वाट अडविते, आणि यंत्र थांबले की पुन्हा तळास बसते. हे मनास पटले तेव्हां त्यांणी कंपनीचे पुस्तक काढिले, मोबाइलवर परमुलखीच्या मिस्त्र्यांचे व्हिडिओ पाहिले, आणि बागेतील कामकरीण साळूबाई, जी क्रेट उचलण्यात कोणा गड्यास हार जात नसे, तीस सोबत घेऊन शेडेकडे कूच केले. चाकांपुढे-मागे दगड लाविले, आणि पोटाखालची माती ब्रशाने अगोदर झाडोन काढिली, का की बाहेरची माती आत गेली तर उघडणे न उघडणे सारखेच. मग बाई गोणपाटावर बैठक मारोन बसल्या, कारण बसोन करावयाचे कामात पायाची गरज नाही. तेल सोडावयाचा खालचा नट हटून बसला, दाद देईना. पान्यास लोखंडी नळी जोडिली, साळूबाईंनी ओठ आवळोन ओढ दिली आणि नट कुरकुरला, मग सुटला, मग घमेल्यात तेल उतरले. त्या नटास लोहचुंबक असते, त्यावर बारीक करडा लेप होता. तो चिंतेचा नव्हे. लोखंडाची कपची निघती किंवा तेलात पितळेची चमक दिसती तर खेळ संपला. घमेले उन्हात नेऊन बाईंनी तेल काठीने ढवळोन ढवळोन पाहिले, चमक नाही. जीव थोडका हलका जाहला. मग मिस्त्र्याने बदलिल्या फिल्टराहून निराळी, तेल ओढण्याचे तोंडाशी जी गाळणी बसविली असते, तिचे झाकण काढिले, आणि बोटांनी ती जाळी हळूच बाहेर ओढिली, तो जाळीवर तपकिरी चिखल थापलेला, आणि चिखलात गोल गोल दाणे. साळूबाई म्हणाल्या, "बाई, ह्ये मणी कसलं वो?" बाई म्हणाल्या, "मणी नाहीत साळूबाई. बेअरिंगच्या गोळ्या आहेत. आतलं सगळं फुटलंय. संपलं." आणि तेथेच गोणपाटावर डोळ्यास पाणी आले, ते पुसण्यास हातही स्वच्छ नव्हते. साळूबाईंनी एक दाणा उचलिला, फडक्याने पुसला, नखाने दाबिला, आणि तो मधोमध फुटोन आतोन पीठ निघाले. म्हणाल्या, "कशाच्या गोळ्या! शाळू हाय ह्यो. आपल्याच कणगीतला."

लोखंडाचे पोटी जोंधळा निघाला ऐसे उभयतांनी ऐकिले नव्हते की पाहिले नव्हते. मग फितुरी कोणाची याचा विचार पडला. उंदीर म्हणावा तर उंदीर तेल भरावयाचे झाकणाचे आटे फिरवीत नाही. साळूबाईंनी तत्काळ पूर्वेकडे बोट दाखविले, "भावकीबिगर कोन करनार?" बाई म्हणाल्या, "भावकी असती तर माती टाकली असती. एवढा चांगला शाळू वाया घालवायची ऐपत नाही त्यांची." इतक्यात आबा स्वतः शेडेशी आले, मुखी काही टोमणा तयार असावा. परंतु वाटीत धुऊन ठेविलेले दाणे दृष्टीस पडताच टोमणा जागीच राहिला, आणि राजश्री टोपी काढोन हातात फिरवू लागले. बाईंनी तोंडाकडे पाहिले आणि विचारिले, "आबा, तुम्ही?" आबा बोलिले, "पोळ्याला." टोपी पुन्हा एकवार फिरविली आणि बोलिले, "बैलं गेली. दावणीला ह्योच उभा असतोय. पोळ्यादिशी सगळ्या गावात जनावराला घास, आन् माझी दावण तेवढी उपाशी? पुढनं तोंड कुठं ते घावंना, मागं झाकण दिसलं. दर साली मूठभर घातलं." बाई म्हणाल्या, "ट्रॅक्टरला जोंधळे, आबा?" आबा बोलिले, "पचत्याल वाटलं. त्याला म्हनलं, माझ्या सुनंला नीट घेऊन येत जा बाबा. तिचा पाय हाईस तू." हे बोलताना राजश्रींचा आवाज इतका लहान जाहला की साळूबाईंस पुढे झुकोन ऐकावे लागले. ज्याणे घरी बस म्हटले, त्याणेच हे केले. बाईंस रागही आला आणि हसूही आले, आणि या दोहोंपैकी कोणते अगोदर आले ते त्यांस आजतागायत सांगता येत नाही. शेवटी इतकेच म्हणाल्या, "त्याचं खाणं म्हणजे तेल, आबा. दुसरं काही नको त्याला." आबांनी मान डोलविली, सदऱ्याच्या बाह्या सारिल्या, गोणपाटावर बैठक मारिली आणि दात घासावयाचा जुना ब्रश डिझेलात बुडवोन ती जाळी स्वहस्ते घासावयास घेतली. एक एक भोक उजेडास धरोन पाहत, आणि कोणास हात लावू देईनात.

मग पोटाचा तळ फडक्याने पुसोन घेतला, जाळी जागी बसविली, तिचे रबर नवे घातले, फिल्टर नवा घातला, आणि याच यंत्राचे म्हणोन जे तेल मिळते तेच आणोन पातळ फडक्यातोन गाळोन भरिले. मागली चाके जॅकवर उचलोन खाली लाकडी ठोकळे दिले आणि इंजिन मंद सुरू केले. मग बाईंनी पायटा हळूहळू पुढे, हळूहळू मागे, ऐसा दाबिला, का की आत शिरलेली हवा निघाली पाहिजे. प्रथम पोट गुरगुरले, चाके अडखळत फिरली, मग आवाज बसला आणि चाके एकसारखी चालू लागली. तेल थोडे उतरले तितके पुन्हा भरिले. मग रविवारी प्रातःकाळी माळाचा माल आणावयास रिकामे क्रेट लादोन स्वारी निघाली. आबा म्हणाले, "चढाला बसला तर?" आणि बाईंची कुबडी हाती घेऊन ट्रॅक्टरामागे चालू लागले. एक खेप जाहली, दुसरी जाहली, जेथे तो नित्य रडू लागे तेथे रडला नाही, जेथे बसे तेथे बसला नाही, आणि दर खेपेस आबा कुबडी घेऊन मागे मागे, धाप लागली तरी थांबेनात. बाई ओरडोन म्हणाल्या, "आबा, बसा खाली, चालतोय तो!" आबा म्हणाले, "तू म्होरं बघ." उन्हे वर येईपावेतो माळाचा सर्व माल शेडेत आला.

तो झुंबरशेट फाटकाशी उभा. त्याणे चालता ट्रॅक्टर पाहिला आणि म्हणाला, "आबा, मोडका हाय म्हनून निरोप होता न्हवं?" आबा म्हणाले, "मोडका न्हवता. अजीर्ण झालं हुतं." झुंबरशेट हसला आणि म्हणाला, "मग तर भाव चांगला देतो. चालू ट्रॅक्टरचा देतो. बोला." बाईंनी इंजिन बंद केले नाही. तह त्यांच्या बाजूने पुरा जाहला होता, परंतु तख्त आबांचे, आणि हुकूम अद्याप मागे घेतला नव्हता. त्या हात स्टीअरिंगवर ठेवोन आबांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. आबांनी कुबडी दुसऱ्या हाती घेतली, श्वास जमविला, आणि भावकीसही ऐकू जाईल ऐशा आवाजात बोलिले, "झुंबरशेट, च्या घ्या आन् निघा. ज्यानं माझ्या दावणीला दाणा खाल्ला, त्यो मी इकत न्हाई."

येणेप्रमाणे मोहीम शेवटास गेली. पंप बदलिला नाही, मालक बदलिला नाही, आणि हेमलताबाई घरी बसल्या नाहीत. घडले तैसे लिहिले, अधिक काही नाही.