मागच्या सीटवरचे बासष्ट किलो

सबनीसकाकांनी माझ्या बायकोला पहिल्यांदा पाहिलं आणि तिचं वजन सांगितलं. "चौसष्ट," ते म्हणाले. मग तिच्या पायांकडे नजर टाकून, "बुटांसकट पासष्ट." आम्हाला इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये राहायला येऊन तासही झाला नव्हता. सामानाची व्हॅन अजून दारात उभी होती. शेजारच्या घरातून एक मराठी गृहस्थ चहाचा थर्मास घेऊन येताहेत हे पाहून मुग्धाला जो आनंद झाला होता, तो जागच्या जागी विरला. चहा तिनं घेतला, पण पुढचे पंधरा दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. त्या पंधरा दिवसांत तिनं आमच्या काट्यावर तीनदा वजन केलं. तिन्ही वेळा चौसष्टच भरलं.

काकांच्या मनात तसं काही वाईट नसतं. तीस वर्षं त्यांनी या देशात लिफ्ट तपासायचं काम केलं. लिफ्टमध्ये एक पाटी असते, आठ माणसं, सहाशे तीस किलो. त्या पाटीवर काकांचा पूर्ण विश्वास आणि आत शिरणाऱ्या माणसांवर अजिबात नाही. ते रिटायर झाले, पण डोळ्यांतला काटा काही रिटायर झाला नाही. मंडळाच्या गणपतीत आरतीला उभे असले तरी यांची मनात बेरीज चालू असते, असं काकू सांगतात.

त्या काट्याला आता जे काम आहे ते त्यांच्या दारातच उभं असतं. एक पांढरी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं एका खोलीचं बिऱ्हाड, आणि ते ओढायला एक करडा पिकअप. पुढे पाच माणसांची केबिन, मागे सामानाचा उघडा हौदा. समोरचा इंग्रज शेजारी एकदा कौतुकानं म्हणाला, की हा गडी हत्तीसुद्धा ओढेल. काकांनी त्याला गंभीरपणे समजावलं, की ओढण्यात काही विशेष नाही. उतारावर तोच हत्ती मागून ढकलायला लागला की थांबवता आला पाहिजे. तेव्हापासून तो शेजारी लांबूनच हात हलवतो.

पिकअपच्या पुस्तकात जो वजनाचा आकडा दिला आहे, त्याच्या निम्मा हा काकांचा आकडा. इतकं कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पुस्तक लिहिणारा माझ्या गाडीत बसणार आहे का?" 'वजनात बसत नाही' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. सामानाला तर ते लागू होतंच, पण एखाद्याचं म्हणणं पटलं नाही, की तेही वजनात बसत नाही.

दर वर्षी ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीला दोघं कॅराव्हॅन घेऊन वेल्सला जातात. समुद्राकाठी एका शेतकऱ्यानं अशा गाड्यांसाठी कुरण मोकळं ठेवलं आहे, तिथे चार दिवस. त्याआधी आठवडाभर नवराबायकोत युद्ध चालतं. लोणचं न्यायचं तर काचेची बरणी नाही, प्लास्टिकचा डबा. लोखंडी तवा नाही. पोळपाट नाही, पोळ्या कॅराव्हॅनच्या ओट्यावर लाटायच्या. काकू मला म्हणाल्या, "वनवासाला निघताना सीतेलाही एवढं कुणी तपासलं नसेल."

नेलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद कॅराव्हॅनच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर असते. चादरी, गॅस, खुर्च्या, काकू, स्वतः काका. आकडे दर वर्षी बदलतात म्हणून सगळी यादी पेन्सिलीनं. फक्त शेवटची ओळ पेनानं, निळ्या शाईत. 'निखिल, मागची सीट – ६२.'

निखिल हा त्यांचा मुलगा. तो ग्लासगोला नोकरी करतो, दर रविवारी आईला फोन करतो. फोन वाजला की काका बागेत जातात आणि फोन संपला की आत येऊन, काय म्हणत होता, असं विचारतात. दर उन्हाळ्यात काकू त्याला वेल्सला यायचं विचारतात, काकांच्याच सांगण्यावरून, आणि तो दर उन्हाळ्यात काम आहे म्हणतो. पाच वर्षं पिकअपची मागची सीट रिकामी जात होती आणि पाच वर्षं काका तिथे बासष्ट किलो धरत होते. एकदा तिथे मी माझी बॅग ठेवली, तर त्यांनी ती उचलून माझ्या मांडीवर दिली. म्हणाले, "ती जागा भरलेली आहे."

आता माझा स्वभाव भोचक आहे, हे मी कबूल करतो. शेजारी पुरुषभर उंचीचा फ्रिज आला तरी मी न विचारता राहू शकतो, पण रिकाम्या जागेचं वजन कुणी पेनानं लिहून ठेवलं असेल तर मला झोप येत नाही. मी संधी शोधत राहिलो.

संधी म्हणजे रविवारची सकाळ. रविवारी इथले बिझनेस पार्क ओस पडलेले असतात. तिथल्या एका रिकाम्या पार्किंगमध्ये, रीतसर परवानगी काढून, काका कॅराव्हॅन रिव्हर्स घेण्याचा सराव करतात, आणि मी मागे उभा राहून हातवारे करतो. जोडलेली कॅराव्हॅन मागे घेताना सगळं उलटं असतं. तिला डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, आणि जास्त फिरवलं तर ती घडी घातल्यासारखी पिकअपला येऊन भिडते. "तुला माझा आरसा दिसला नाही तर मला तू दिसत नाहीस," हे ते मला दर रविवारी सांगतात. सराव झाला की कॅराव्हॅनचं नाक तोलायचं, म्हणजे तिची पुढची दांडी पिकअपच्या मागच्या हुकावर किती दाबते ते बघायचं. न्हाणीघरातला काटा खाली, त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर दांडी. आकडा बघताना काका गुडघ्यांवर बसून चष्मा कपाळावर ढकलतात.

अशाच एका रविवारी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की निखिल बासष्ट किलोचा आहे का? ते काट्यावरून नजर न काढता म्हणाले, "होता." आणि मग मला उगाचच चाकातली हवा बघायला पाठवलं.

खरी गोष्ट मला काकूंनी सांगितली, मटार सोलता सोलता. कॅराव्हॅन नवीन घेतली तेव्हा पिकअप नव्हता, साधी मोटार होती. पहिलीच सफर, निखिल एकोणीस वर्षांचा. तेव्हा तो व्यायामाच्या नादात होता, त्यानं आपली डंबेल्स कॅराव्हॅनच्या मागच्या कप्प्यात टाकली होती. वेल्सच्या वाटेवर एका लांब उतारावर कॅराव्हॅन मागे हेलकावे खाऊ लागली. आधी थोडी, मग इतकी की मोटारीचं शेपूट तिच्याबरोबर डावी-उजवीकडे फेकलं जाऊ लागलं. काकूंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. काकांनी कशीबशी गाडी एका ले-बायमध्ये, रस्त्याकडेच्या थांब्यावर, आणली. उतरून मागचा कप्पा उघडला. समोर डंबेल्स. तिथे चहाची गाडी होती, लॉरीवाले उभे होते. त्या सगळ्यांसमोर काका मुलावर ओरडले, की तुझ्यामुळे आज तुझी आई मेली असती, तू आमच्याबरोबर यायचं नाहीस. निखिलनं बॅग घेतली, डंबेल्स घेतली, आणि तो जवळच्या गावाकडे चालत गेला. तिथून ट्रेननं घरी. सप्टेंबरात तो ग्लासगोला शिकायला गेला, तो तिकडचाच झाला.

"पुढचं ऐक," काकू म्हणाल्या. "घरी आल्यावर ह्यांनी मागच्या कप्प्यातलं एकेक बाहेर काढून तोललं. डंबेल्स किती, तर आठ किलो. उरलेलं सगळं ह्यांनीच ठेवलेलं. पिठाचा डबा, तांदूळ, पाण्याचे कॅन. माझा पाटा-वरवंटासुद्धा."

काका शेवटी लिफ्टवाले. लिफ्टमध्ये एका बाजूला पाळणा वर जातो तो दुसऱ्या बाजूच्या वजनाच्या जोरावर. तीस वर्षं ज्या तत्त्वानं पोट भरलं तेच त्यांनी इथे लावलं. पुढे गॅसचे सिलिंडर आहेत, मग समतोल साधायला मागेही तेवढंच वजन पाहिजे. पण चाकांवरच्या गाडीचं शेपूट जड झालं की नाक उचलतं, आणि नाक उचललं की ती मागे नाचते. कॅराव्हॅनवाल्यांतलं शेंबडं पोरही हे जाणतं. काकांना ते चुकल्यावर कळलं. त्यांनी मोटार विकून भारी पिकअप घेतला, काटा घेतला, यादी केली. फोन मात्र केला नाही.

"सॉरी म्हणायला किती वजन लागतं?" काकूंनी विचारलं. मला हसू आलं नाही. पुण्यात माझे बाबा आहेत, आणि मीही त्यांच्याशी आईच्या मार्फतच बोलतो.

या वर्षी जुलैमध्ये निखिल हो म्हणाला. का म्हणाला ते काकूंनाही ठाऊक नाही. काकांनी ऐकलं आणि 'बरं' म्हणून बागेत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिकअपची मागची सीट धुतली. तिसऱ्या दिवशीही धुतली. तिथला पट्टा चारदा लावून ओढून पाहिला, आणि मग मला बसवून मलाही ओढायला लावलं. मला त्या सीटवर बसायला मिळालेली ती पहिलीच वेळ.

निघायच्या दिवशी काका त्याला आणायला स्टेशनवर गेले. परत आले तेव्हा मी घरापुढच्या ड्राइव्हवेवर नेहमीसारखा मदतीला हजर होतो. निखिल उंच, दाढी राखलेला, अंगानं चांगलाच भरलेला. काकांना स्टेशनवरच आकडा कळला असणार, पण त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. काटा कॅराव्हॅनच्या दारात मांडलेला होता. काकू उभ्या राहिल्या, काका उभे राहिले. मग निखिल बूट काढून उभा राहिला. काटा शहाऐंशीवर थांबला.

निखिलनं खाली बघितलं, मग आतल्या कपाटाच्या उघड्या दाराकडे. ती निळी ओळ वाचायला तो काट्यावरूनच जरा पुढे वाकला. मग इथेच वाढलेल्या मुलांच्या मराठीत म्हणाला, "बाबा, मी तुमच्या नंबरमध्ये नाही बसत. इट्स फाइन. मी ट्रेननी येतो ना तिकडे."

ट्रेन हा शब्द ऐकून काकूंचा हात डब्यावर थांबला. मी उगाचच चाकातली हवा बघायला वाकलो.

"पुस्तकातल्या आकड्यात पुष्कळ जागा आहे," काका म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला. "निखिल, त्या दिवशी वजन मी चुकीचं लावलं होतं. तुझी डंबेल्स नव्हती. मी चुकलो होतो."

"आय नो, बाबा. आईने तेव्हाच सांगितली मला." तो अजून काट्यावरच उभा होता. "पण तुम्ही नाही ना सांगितला."

"आता सांगितलं."

निखिलनं मान हलवली आणि काट्यावरून उतरून वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. काका त्या हाताखाली जरा वाकल्यासारखे झाले. काकूंनी तेवढ्यात पोळपाट, लोखंडी तवा आणि लोणच्याची काचेची बरणी कॅराव्हॅनमध्ये चढवली. काकांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं तोंड फिरवलं.

निघण्याआधी ते यादीपाशी गेले. निळ्या बासष्टवर त्यांनी आडवी रेघ मारली, कानामागची पेन्सिल काढली आणि शेजारी शहाऐंशी लिहिलं. निखिल त्यांच्या मागे उभा राहून बघत होता. त्यानं विचारलं, आधी पेननी होतं, मग आता पेन्सिल का?

"पुढच्या वर्षी परत वजन करायचंय," काका म्हणाले आणि दार लावून पिकअपकडे गेले.