सात लाख चाळीस हजार माणसं जिन्यात

भविष्यातली माणसं चिकटवायची नाहीत, असा साहेबांचा सक्त हुकूम होता. सध्याची माणसं चिकटवायला हरकत नव्हती. ती पांढऱ्या मण्यांची होती, एका मण्यात हजार माणसं, आणि महानगराच्या मॉडेलवर ती आपापल्या जागी डिंकाने पक्की बसली होती. पण येत्या वीस वर्षांत वाढणारी सात लाख चाळीस हजार माणसं म्हणजे सातशे चाळीस लाल मणी, आणि ते मोकळेच होते. कारण साहेबांचं मन रोज बदलायचं. काल संध्याकाळीसुद्धा घरी जाता जाता त्यांनी दीड लाख लोक चिमटीने उचलून नदीपलीकडून तळ्याकाठी नेऊन ठेवले होते.

"निळ्याशेजारी लाल कसं खुलून दिसतं बघा," वर असंही म्हणाले.

हे मॉडेल जिने बनवलं, तिला नगररचना कचेरीत सगळे मॉडेलवालीच म्हणत. सहा वर्षं ती तिथे तात्पुरत्या नोकरीवर होती. आज अकरा वाजता नियोजन मंडळाच्या अध्यक्षबाई मॉडेल बघायला येणार होत्या. ते त्यांना पसंत पडलं, तर मॉडेलवालीच्या कायम नेमणुकीवर तिथल्या तिथे सही होणार होती. नाही पडलं, तर मॉडेलचा विभागच बंद करायचं घाटत होतं. त्यामुळे रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"सर, टेकडीमागे एकही लाल मणी नाही," काल तिने भीत भीत सांगून पाहिलं होतं. ती स्वतः टेकडीमागे राहायची. "तिकडे तर रोज नवीन इमारत उभी राहतेय."

"अहो, समोर खुर्च्या मांडल्यावर टेकडीमागचं दिसणार कोणाला? जी माणसं दिसत नाहीत, ती ठेवून उपयोग काय?"

"बरं, कुठे किती ठेवलेत ते लिहून घेऊ?"

"लिहायचं कशाला? सगळं इथे आहे," असं म्हणून साहेबांनी स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली आणि ते कपाळ घेऊन घरी गेले.

मॉडेल चौथ्या मजल्यावर आणि सभागृह तळमजल्यावर. सकाळी पावणेदहाला मॉडेलवाली आणि लिफ्टमन मिळून ते पलंगाएवढं महानगर लिफ्टपर्यंत घेऊन आले. दारातून ते काही आत जाईना.

"चार बोटं कमी पडतायत," लिफ्टमन म्हणाला. "शहर वाढतं हो, लिफ्ट नाही वाढत."

मग जिन्याने निघाले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मॉडेल अडलं.

"आडवं नाही जायचं हे. जरा उभं करा."

"उभं करू नका! माणसं आहेत त्यावर!" मॉडेलवाली ओरडली.

"थोडंसंच तिरकं हो."

नेमक्या त्याच वेळी खालून आवाज आला, "जपून रे, आत्ताच फरशी पुसलीय!" या झाडलोट करणाऱ्या मावशी. त्यांचं सांगून व्हायच्या आत लिफ्टमनचा पाय सटकला होता. त्याने मॉडेल सोडलं नाही, हे त्याचे उपकार. पण तळ्याकाठचे दीड लाख आधी निघाले, त्यांच्या धक्क्याने बाजारपेठेतले सुटले, मग विमानतळाजवळचे. बघता बघता सात लाख चाळीस हजार माणसं टणाटण उड्या मारत पायऱ्या उतरू लागली. मावशी खाली बादली घेऊन उभ्या होत्या. पन्नासेक हजार लोक थेट त्यात पडले.

मॉडेलवाली पायरीवरच बसली. "गेली माझी नोकरी," एवढंच तिच्या तोंडून आलं. तिला खरोखर रडू फुटलं होतं.

"रडायला मागाहून वेळ आहे, ताई," मावशी म्हणाल्या. "आधी वेचायला लागा."

तिघांनी मिळून अर्धा तास पायऱ्या धुंडाळल्या. साहेबांना फोन लावला, तर तो बंद. ते अध्यक्षबाईंना आणायला गेले होते आणि मोठ्या माणसांबरोबर गाडीत असताना ते फोन बंद ठेवत. म्हणजे लोकांचे पत्ते ज्या कपाळात होते, ते कपाळही हाताशी नव्हतं. मणी मोजले तर सातशे सव्वीस भरले. चौदा हजार माणसं लिफ्टच्या खड्ड्यात पडून कायमची गेली होती.

लिफ्टमनने खिशातून एक बाटली काढली. "या घ्या. माझ्या रक्तवाढीच्या गोळ्या. रंग तोच, आकार तोच."

चौदा हजारांची सोय झाली. पण सभागृहात मॉडेल मांडलं, तेव्हा साडेदहा वाजले होते आणि ओंजळभर भविष्य हातात धरून मॉडेलवाली नुसती बघत उभी होती.

"मला तळ्याकाठचेच तेवढे आठवतायत," ती म्हणाली.

"तळ्याकाठी कोण राहायला जातंय?" मावशींनी विचारलं. "संध्याकाळी डास उचलून नेतात माणसाला. माझी जाऊ, माझा भाऊ, आमच्या गल्लीतली सात बिऱ्हाडं, सगळी टेकडीमागे गेली. भाडं परवडतं."

"मावशी, तुमच्या नात्यावर शहर चालत नाही."

"नात्याचं सोडा, कचेरीचं बघा," लिफ्टमन म्हणाला. "या इमारतीत चारशे माणसं. मी रोज त्यांना वरखाली नेतो. लिफ्टमध्ये माणूस दुसरं काय बोलणार? घराचंच बोलतो. तीन वर्षांत एकसष्ट जणांनी घर बदललं. अठ्ठेचाळीस टेकडीमागे गेले, नऊ रुळांपलीकडे, चार सासुरवाडीला. नावं सांगू?"

मॉडेलवालीने डोळे पुसले. आता आणखी काय बिघडणार होतं? सहा वर्षं ती रोज टेकडीमागून दोन बस बदलून यायची आणि दर वर्षी बसमधली गर्दी अंगावर मोजायची. साहेबांना जे दिसत नव्हतं, ते तिला पाठ होतं. तिने मुठीने मणी घेतले आणि टेकडीमागे ओतले. मग तिघांचे हात भराभर चालू लागले. लिफ्टमन नावं सांगत होता, मावशी गल्ल्या दाखवत होत्या आणि ती मणी लावत होती. तळ्याकाठी शेवटी एकच मणी राहिला, तोही मावशी नको म्हणत असताना तिने साहेबांच्या मानासाठी ठेवला.

बरोबर अकराला अध्यक्षबाई मंडळाच्या सभासदांना घेऊन आल्या. मागून साहेब हसत हसत आले. त्यांनी मॉडेलकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

अध्यक्षबाई खुर्चीत बसल्या, तशाच उठल्या आणि मॉडेलला वळसा घालून टेकडीमागे जाऊन उभ्या राहिल्या. त्या उठल्या म्हणून सगळं मंडळ उठलं.

"साडेचार लाख?" त्यांनी विचारलं. "इथे? हे कोणी ठरवलं?"

आवाज कडक होता. साहेबांनी क्षणाचाही विलंब केला नाही.

"यांनी!" ते मॉडेलवालीकडे बोट दाखवत म्हणाले. "सगळं यांनीच केलंय, मॅडम! माझा यात काडीचाही संबंध नाही! मी उलट तळ्याकाठी ठेवा म्हणत होतो!"

"आधार काय याला?"

मॉडेलवाली एक पाऊल पुढे आली. "मॅडम, याच इमारतीतली एकसष्ट बिऱ्हाडं. अठ्ठेचाळीस तिकडे गेली. मी स्वतः तिथेच राहते. सकाळच्या बसमध्ये उभं राहायलाही जागा नसते. लोक कुठे जाणार हे त्यांनी आधीच ठरवलंय, मॅडम. आपण फक्त उशिरा विचारतोय."

दाराशी उभ्या असलेल्या लिफ्टमनने तेवढ्यात एकसष्टपैकी अकरा नावं सांगूनही टाकली. त्यातली दोन माणसं मंडळातलीच होती. त्यांनी माना हलवल्या.

"मागच्या मॉडेलमध्येही तळ्याकाठी तीन लाख माणसं होती," अध्यक्षबाई हळूहळू म्हणाल्या. "परवा मी जाऊन आले. एक बाक आहे. त्यावर एक गृहस्थ झोपले होते." त्यांनी एक लाल मणी उचलून पाहिला. त्यांची बोटं लाल झाली. "हे लोक जरा वेगळे दिसतायत."

"ते जास्त सशक्त आहेत, मॅडम," लिफ्टमन म्हणाला.

अध्यक्षबाई हसल्या. मग मंडळ हसलं. मग साहेबही हसले, पण त्यांना जरा उशीर झाला होता. बाईंनी कागद मागवला आणि टेकडीच्या उतारावरच ठेवून त्या लाल बोटांनी मॉडेलवालीच्या कायम नेमणुकीवर सही केली. "पहिलं मॉडेल बघितलं, ज्यात माणसं राहतील असं वाटतं," त्या म्हणाल्या आणि साहेबांकडे वळल्या. "तुमचा काडीचाही संबंध नाही म्हणालात ना? नोंद करून घ्या तशी."

मावशींनी दारातच मॉडेलवालीला मिठी मारली. दोघी हसत होत्या आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. लिफ्टमनने त्यांना त्या दिवशी विनाकारण तीनदा वरखाली नेऊन आणलं.

सोमवारी सकाळी साहेब तिच्या टेबलाशी आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"मुलाचं लग्न ठरलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यांना वेगळं राहायचंय. तुमच्या तिकडे दोन खोल्या मिळतील का एखाद्या?"

मॉडेलवालीने वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"यादीत नाव घालते, सर," ती म्हणाली. "तुमच्या आधी मंडळातले नऊ जण आहेत."