साळूमावशीचे काटे आणि मुंगुसाची काठी

एका जंगलात, बाळांनो, एक साळिंदर राहायची. सगळे तिला साळूमावशी म्हणायचे. वडाखालच्या बिळाच्या तोंडाशी बसायची नि घाबरलेल्यांचं ऐकून घ्यायची. औषध नाही, अंगारा नाही. नुसतं, "हं, मग?"

रोज यायची ती टिटवी. आभाळ पडू नये म्हणून पाय वर करून झोपणारी.

"मावशी, पायात गोळा आला तर?"

"दुसरा पाय आहे की."

"अन् आत्ता? मी तर इथं बसलेय. आत्ता आभाळ कुणी धरलंय?"

हे ऐकलं की मावशीचे काटे सर्रकन उभे राहायचे. शंभरदा ऐकलं तरी राहायचे. ते बघून टिटवी हलकी व्हायची नि भुर्रकन उडून जायची.

एके दिवशी जंगलच्या राजाला वाटलं, ऐकणाऱ्याला काय वाटतं तेही मोजावं. त्यानं मुंगुसाला मोजणीदार नेमलं. मुंगूस आला बांबूची काठी घेऊन. काठीवर बोटाबोटाच्या खुणा.

"काटे चार बोटांच्या वर गेले, तर बीळ खाली करायचं, मावशी. ऐकणाऱ्यानं शांत असावं."

"अरे मेल्या, माझी आजी याच बिळात बाळंत झाली!"

"पाच बोटं," मुंगूस तिच्या काट्यांना काठी लावून म्हणाला. "उद्या फेरमोजणी."

मावशीनं काय केलं? ओढ्यावर गेली, चिकणमातीत लोळली, उन्हात वाळली. काटे असे बसले, जशी सारवलेली चूल.

दुसऱ्या दिवशी टिटवीनं सगळं सांगितलं. पायातला गोळा, आभाळाचा तडा. एक काटा हलेल तर शपथ!

"शून्य!" मुंगूस नाचला. "बीळ तुमचं!"

टिटवीचा मात्र चेहरा उतरला. "मावशी, तुम्हाला काहीच वाटत नाही? म्हणजे आता घाबरायला मी एकटीच? मुंगुसराव, तुम्ही तरी ऐका हो!"

मुंगूस अडकला. सूर्य डोक्यावर आला, कलला. टिटवीचं आपलं चालूच.

"अन् आत्ता आभाळ कुणी धरलंय?"

मुंगुसानं वर पाहिलं. त्याची शेपटी केरसुणीसारखी फुलली. टिटवीनं ती पाहिली अन् समाधानानं उडून गेली.

मावशीनं काठी उचलली. "नऊ बोटं, मोजणीदार."

"काठी राहू द्या, मावशी," मुंगूस तिला चिकटून बसला. "आधी सांगा, खरंच कुणी धरलंय?"

मावशीच्या अंगावरची माती तडकली. ढेकळं गळाली. काटे सर्रकन उभे राहिले.

"हं," ती म्हणाली, "मग?"

तात्पर्य: दुसऱ्याची भीती ऐकताना माणसानं दगड व्हावं. ते जमत नसेल, तर निदान मोजणीपुरतं चिखलात लोळावं.