पाचशेवा मैल

डॉ. इनॉक किहीमकरांच्या नव्या गाडीचे चारशे ऐंशी मैल झाले आणि त्या दिवसापासून ते रोग्यांकडे पायी जाऊ लागले.

पाच वर्षं नंबर लावून ही मोटार त्यांना मिळाली होती. सोबत आलेलं पुस्तक त्यांनी वैद्यकीच्या परीक्षेसारखं पाठ केलं होतं. पहिलं ऑइल पाचशे मैलांवर बदलावं, असं त्यात छापलं होतं. पनवेलहून ठाण्याचं वर्कशॉप बरोबर वीस मैल. सोमवारी सकाळची वेळ ठरली होती. तोपर्यंत गाडी दारात उभी राहणार होती आणि डॉक्टर उन्हातून बॅग घेऊन हिंडणार होते.

"अहो, दहापाच मैल इकडेतिकडे झाले तर काय होतं?" त्यांच्या बायकोने, अबीगेलने विचारलं. ती नर्स होती आणि दवाखान्यात त्यांच्याच हाताखाली काम करायची.

"तू औषध मोजून देतेस ना? मग?"

रविवारी दुपारी आपट्याहून आनंदा नावाचा माणूस धापा टाकत आला. "डाक्टर, माजी बायको शकू परवापासून अडलीय. सुईण बोलते, पोर आडवा हाय. लवकर चला!"

डॉक्टर ताटावरून तसेच उठले. त्यांनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. अबीगेलने बॅग घेतली, आनंदा मागे बसला आणि बारा मैलांवरचं आपटा कधी आलं ते कळलंच नाही. तिथे दोन तास डॉक्टरांनी मान वर केली नाही. शेवटी मुलगी झाली. ती रडली आणि शकूने डोळे उघडले, तेव्हा कुठे त्यांनी घाम पुसला.

येताना मात्र त्यांची नजर मीटरवर गेली. चारशे ब्याण्णव! पळस्प्याजवळ आकडा पाचशेवर येताच त्यांनी गाडी रस्त्याकडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"पाचशे झाले."

"अहो, घर चार मैलांवर आहे!"

"पुस्तकात पाचशे लिहिलंय. पाचशे चार लिहिलेलं नाही."

एवढ्यात बुधाजी नावाचा शेतकरी बैलजोडी घेऊन शेतातून परतताना तिथे आला. त्याने मोटारीभोवती एक फेरी मारली.

"काय झाला डाक्टर? बंद परली काय?"

"छे छे! उत्तम चालते."

"मंग चालवा की."

"पाचशे मैल झालेत, बुधाजी. आता तेल बदलल्याशिवाय चालवायची नाही."

बुधाजीने क्षणभर विचार केला. याच डॉक्टरांनी त्याच्या बापाचा न्यूमोनिया बरा केला होता. म्हणजे माणूस वेडा नक्कीच नव्हता. त्याने मुकाट्याने दोर काढला आणि बैल गाडीला जुंपले.

वरात निघाली. थोड्या वेळाने अबीगेल म्हणाली, "मीटर फिरतंय हो. पाचशे एक."

डॉक्टर दचकले. मग सावरून म्हणाले, "इंजिन बंद आहे. हे मैल बैलांचे."

पनवेलच्या बाजारात लोक दुकानांतून बाहेर आले. "अरेरे, नवीकोरी मोटार बिघडली!" जो तो हळहळू लागला. डॉक्टर खिडकीतून डोकं काढून प्रत्येकाला सांगत होते, "बिघडलेली नाही! चालू आहे!" लोक मान डोलवत आणि जास्तच हळहळत.

ठाणे आता हुकलंच होतं. अबीगेलने बैल थेट भाताच्या गिरणीवर न्यायला सांगितले. गिरणीचं इंजिन सांभाळणारा काळूराम हसला नाही. त्याने पंपावरून ऑइलचा डबा मागवला, गाडीखाली घमेलं सरकवलं आणि नट सोडला.

डॉक्टर उकिडवे बसून धार बघत होते. "काळूराम, इंजिनाची काळजी नको. नवी गाडी पहिले पाचशे मैल ताशी तिसाच्या वर नेऊ नये म्हणतात. मी कधी नेली नाही."

"नेलीत," अबीगेल म्हणाली.

"कधी?"

"आज. आपट्याला जाताना काटा साठावर होता. तुमचं लक्ष नव्हतं, पण मी बघत होते."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"काय म्हणून सांगू? तिकडे शकू अडली होती."

काळूरामने नट आवळला, नवं ऑइल भरलं आणि इंजिन चालू करून बॉनेटला कान लावला.

"काय रे, काही बिघडलं का?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"डाक्टर, आपट्याची मायलेकरं कशी हायत?"

"दोघी ठणठणीत."

"मंग गारीला काय धाड भरलीय?" काळूराम म्हणाला आणि चावी त्यांच्या हातात देऊन पहिल्यांदाच हसला.