मन उडालं ते गेमवरनं

माझा एक गुण आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. कुणी कशाचं कितीही कौतुक केलं तरी मी भुलत नाही. शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी तपासणीला आहे. ओतलेल्या लोखंडाचं आरशासारखं चमकणारं कास्टिंग मी हातोडीनं एकदा ठोकतो आणि नुसत्या आवाजावरून सांगतो, आत पोकळ आहे. मालक शेजारी उभा असला तरी सांगतो. शिवाजी पेठेत असली माणसं आता माझ्यासकट दोन-तीनच उरली असतील.

तर त्या गेमचं असं झालं. माझा मित्र प्रसेनजीत, मेहुणा राजवर्धन, फाउंड्रीतली निम्मी माणसं, ज्याला बघावं तो त्या एकाच गेमचं नाव घेत होता. जन्माला येऊन एकदा तरी खेळलीच पाहिजे म्हणे. शेवटी मीही डिस्क आणली. हातात तलवार घेऊन एका जळत्या किल्ल्यातून वर चढत जायचं. मेलात की पुन्हा पायथ्याशी. दर खेपेला दालनं वेगळी, राक्षस वेगळे, मरण मात्र ठरलेलं. पहिले पंधरा दिवस मी हौसेनं मेलो. त्यानंतर महिनाभर कर्तव्य म्हणून मेलो. आणि एका शनिवारी सकाळी मला स्वच्छ कळलं, की मला ही गेम अजिबात आवडत नाही.

सगळ्या जगानं डोक्यावर घेतलेली वस्तू नापास करायला छाती लागते. ती माझ्याकडं आहे. मी लगेच प्रसेनजीतला फोन लावला. दुसरी पाळी असल्यानं मी घरीच होतो. माझी बायको संयोगिता गणिताची शिक्षिका, ती शनिवारच्या सकाळच्या शाळेला गेली होती. आमच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते.

"प्रसेनजीत, माझं तिच्यावरनं मन उडालं बघ," मी म्हणालो. "तुम्ही सगळ्यांनी एवढं कौतुक केलं म्हणून घरी आणली. दिसायला देखणी आहे, त्यात वाद नाही. चाल तर बघत राहावी अशी. पण रोज कामावरनं दमून यायचं आणि हिच्याकडनं मार खायचा, किती दिवस सोसायचं माणसानं? बाहेरून चकाचक, आत पोकळ. तुला पाहिजे तर तू घेऊन जा. उद्या संध्याकाळी ये. परत आणून नाही दिलीस तरी चालेल."

फोन ठेवला तेव्हा मला फार बरं वाटलं. दार उघडंच होतं. बाहेर पायरीवर लोण्याचा डबा दिसला, आणणारा मात्र कुणी दिसेना. संयोगितानं कुणाला तरी सांगितलं असणार, असं समजून मी तो आत आणला आणि दोन भाकरींबरोबर बरंचसं लोणी संपवलं.

ते लोणी माझ्या सासरवाडीचं, गारगोटीचं होतं. संयोगिताचे चुलते, केरबाकाका, पुतणीसाठी डबा घेऊन एसटीनं आले होते. दारात चप्पल काढता काढता त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकलं, डबा पायरीवर ठेवला आणि आल्या पावली माघारी गेले. काकांनी तरुणपणी तालमीत अंग कमावलेलं. त्यांना राग आला की ते बोलत नाहीत, माणसं गोळा करतात. पण यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

रविवारी दहाच्या सुमाराला दारात जीप थांबली. सासरे जोतीराम, केरबाकाका आणि भावकीतली सात माणसं एकेक करून वर आली. त्यांच्या मागोमाग जयसिंगपूरहून माझी आई आली. तिला सासऱ्यांनी फोन करून बोलावलं होतं, कशासाठी ते न सांगता. संयोगिता गोंधळली, पण एवढी माणसं बघून आधी चहा ठेवायला आत गेली.

सासऱ्यांनी घसा खाकरला. "पावणं, तुमचं मन उडालंय असं कानावर आलं. खरं हाय का?"

मी थक्क झालो. माझं मत एका दिवसात गारगोटीला पोचलं होतं. प्रसेनजीतनं राजवर्धनला सांगितलं असणार आणि राजवर्धननं घरात. तो त्या गेमचा मोठा भक्त, तेव्हा घरच्यांना लागणं साहजिक होतं. तरी माझ्या मतासाठी नऊ माणसं जीप करून येतील, एवढा मान मला अपेक्षित नव्हता. मी ताठ बसलो.

"खरं आहे, मामा. मी तोंडावर बोलणारा माणूस."

"चार महिन्यांत?"

डिस्क येऊन दीडच महिना झाला होता, पण वडीलधाऱ्यांना कुठं दुरुस्त करायचं? "चार महिने कशाला," मी म्हणालो, "मला पंधरा दिवसांतच कळलं होतं."

आईनं पदर तोंडाला लावला.

"मग तवाच का बोलला न्हाईसा?"

"सगळे एवढं चांगलं म्हणत होते. म्हटलं, आपल्यातच काहीतरी कमी असेल. जरा सोसून बघू."

"खोट तरी कसली दिसली तुमाला?"

"खोट अशी नाही, मामा. पण रोज तेच तेच. त्यापेक्षा मला माझ्या जुन्या बऱ्या वाटतात. सात-आठ आहेत माझ्याकडं. त्यांच्यात अजून मन रमतं."

"सात-आठ," मागं कुणीतरी हळूच म्हणालं.

"आन् हिचं काय करणार?" केरबाकाका पहिल्यांदाच बोलले.

"हिला आज संध्याकाळी प्रसेनजीत येऊन घेऊन जाईल. तसं ठरलंय आमचं."

काका उठले. बाह्या वर सारल्या. "आन् वर माझं लोणी पण खाल्लंस," ते म्हणाले.

इथं मात्र माझा धागा सुटला. गेमचा आणि लोण्याचा संबंध मला काही लागेना.

स्वयंपाकघराच्या दारात संयोगिता चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "कोण सात-आठ?" तिनं विचारलं. इतका बारीक आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"अगं, त्या टीव्हीखालच्या कपाटातल्या. तूच परवा पुसून ठेवल्यास की."

तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग पोरांच्या वहीत चूक सापडल्यावर बघते तसं सगळ्यांकडं बघितलं आणि ट्रे खाली ठेवला. "काका, बसा खाली. हे गेमबद्दल बोलायलेत."

"कसली गेम?"

मग दाखवावीच लागली. मागं नऊ माणसं आणि आई, पुढं मी. दुसऱ्याच दालनात माझा निकाल लागला.

"मेला?" काकांनी विचारलं.

"मेलो."

"आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून."

काकांनी मला चार वेळा मरताना अगदी लक्षपूर्वक बघितलं. मग सासऱ्यांना म्हणाले, "पोरगं खोटं बोलत न्हाय. मार खातंय खरं."

आई मात्र भिंतीला टेकून बसली. "मला वाटलं, पोरगं बिघडलं," ती म्हणाली. "हे तर त्याच्याहून वाईट हाय."

जेवणं झाली, राग निवले. जीपमध्ये बसताना सासरे मला बाजूला घेऊन म्हणाले, "पावणं, फोनवर बोलताना नाव घेत चला."

घर रिकामं झालं. संयोगिता कप विसळत होती. मग पाठमोरीच म्हणाली, "दिसायला देखणी, चाल बघत राहावी अशी. काकांनी सगळं सांगितलं मला. ज्या गेमवरनं मन उडालं तिचं एवढं कौतुक. माझ्याबद्दल चार महिन्यांत कुणाला एक वाक्य तरी सांगितलंत?"

मी आठवून बघितलं. नव्हतं सांगितलं. पण चूक कळल्यावर बसून राहणाऱ्यातला मी नाही. तिथल्या तिथं प्रसेनजीतला फोन लावला आणि तिला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"प्रसेनजीत, मधे बोलू नको, नुसतं ऐक. चार महिने झाले घरी येऊन. अजून रोज काहीतरी नवीन कळतं. अवघड आहे, पण सोडून राहवत नाही. पाळी संपायच्या आधीच घरचे वेध लागतात. कितीही पारखून बघ, कुठं पोकळ नाही. माझ्या नशिबानं मिळाली."

संयोगिताच्या हातातला कप तसाच राहिला. नळ वाहत होता, तो बंद करायचंही तिला सुचेना. मला स्वतःचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

पलीकडनं प्रसेनजीत भारावलेल्या आवाजात म्हणाला, "भावा, एवढं तू कधी कशाबद्दल बोलला न्हाईस. ती किल्ल्याची गेम राहू दे तुझ्याकडंच. संध्याकाळी येऊन मी हीच घेऊन जातो."