मामानं टॉवेल टाकलेली रांग

आमच्या मामाला रिकामी जागा बघवत नाही. खुर्ची दिसो, बाकडं दिसो, खांद्यावरचा टॉवेल निघालाच. दवाखान्यात गेला तर स्वतः बसायच्या आधी शेजारच्या खुर्चीवर टॉवेल. लग्नाच्या पंगतीत टॉवेल. कोण येणार आहे म्हणून विचारलं तर म्हणतो, "येईल की कुणीतरी आपलं."

आपल्याकडं एसटी लागली की खिडकीतनं टॉवेल टाकायचा आणि मग दारातनं निवांत चढायचं. ज्याचा टॉवेल त्याची सीट. हा कायदा सगळ्या देशाला लागू आहे असं मामा धरून चालतो. पण आम्ही राहतो त्या लखनौची माणसं फार सभ्य. ती टॉवेल उचलतात, झटकतात, घडी घालतात आणि मामाच्या हातात देऊन म्हणतात, "जनाब, आपका तौलिया गिर गया था." आणि त्याच जागेवर बसतात. एवढ्या अदबीनं जागा गेल्यावर भांडायचं तरी कसं?

आम्ही सांगलीकडचे गलाईवाले. लखनौच्या चौक बाजारात आमची भट्टी आहे. सराफाकडचे मोडके दागिने आणायचे, गाळायचे, चोख सोनं काढून द्यायचं. मामानं मला इथं आणलं तेव्हा मी चौथीत होतो. बरीच वर्षं चौथीतच होतो. शेवटी मास्तर आईला म्हणाले, "ह्याला कुठंतरी लांब पाठवा." आमच्यात सगळ्यात लांब मामा राहत होता.

मामाचा पोरगा मात्र शिकला. गोमती नगरात फ्लॅट, कंपनीत नोकरी. त्याची पोरगी पिहू. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. 'आजोबा' एवढा एकच मराठी शब्द तिला येतो, तोही ती हिंदीत म्हणते.

गेल्या वर्षी तिच्या डान्स क्लासचा कार्यक्रम झाला. बाकीच्या पोरींसाठी मामे, मावश्या, चुलते, रांगाच्या रांगा. आपली पोरगी आली की अख्खी रांग उठून ओरडायची. पिहू आली तेव्हा तिचे आईबाप, मामा आणि मी, एवढेच उठलो. त्यात माझा डोळा लागला होता. मी उठून टाळ्या वाजवल्या तेव्हा स्टेजवर फक्त एक माणूस झाडू मारत होता. घरी जाताना पिहूनं विचारलं, "आजोबा, हमारे लोग कहाँ हैं?"

झोपेतसुद्धा सोन्याचा भाव सांगणारा मामा पार घर येईपर्यंत खांद्यावरच्या टॉवेलाची घडी घालत आणि मोडत राहिला.

यंदा दिवाळी झाल्याबरोबर त्यानं गावाकडं फोन लावायला सुरुवात केली. थोरला भाऊ, वहिनी, दाजी, चुलतभाऊ, माझी आई. "पिहूचा नाच हाय, यायला लागतंय." सगळे म्हणाले, "येतो की." आमच्या गावात नाही म्हणायची पद्धतच नाही. उसाला तोड आलेली असू दे, म्हैस व्यायला झालेली असू दे, माणूस "येतो की" म्हणतो आणि घरी बसतो. हे मला ठाऊक, तर मामाला किती ठाऊक असेल. तरी त्यानं पिहूला सांगून टाकलं, "इस बार सब आएँगे. पूरी लाइन अपनी."

कार्यक्रमाच्या दिवशी पिहूचे आईबाप तिला नटवायला स्टेजमागं होते; मामा आणि मी हॉलवर गेलो तेव्हा पुढचं दार पण उघडलं नव्हतं. उघडल्याबरोबर मामानं पुढची तिसरी रांग गाठली आणि पिशवीतनं टॉवेल काढायला लागला. नवेकोरे, काहींची तर चिठ्ठी पण निघाली नव्हती. एक टाकायचा, लांबून बघायचा, उचलून दुसरीकडं टाकायचा.

"टाक की कुठला पण," मी म्हणालो.

"गप. तुला काय कळतंय?"

हे त्याचं बरोबर होतं. मी खिशातनं चोरून आणलेला समोसा काढला आणि कागद शेजारच्या टॉवेलवर ठेवला. मामानं माझ्या हातावर फटका मारला. "उचल. तिथं माणूस हाय."

मी इकडंतिकडं बघितलं. मग समोसा मांडीवर घेतला. चटणी पँटला लागली ती अजून आहे.

हॉल भरत आला. गळ्यात बिल्ला घातलेला एक पोरगा आला. "अंकल, पूरी लाइन नहीं रोक सकते. पब्लिक खड़ी है."

"रोका किधर है?" मामा म्हणाला. "लोग बैठे हैं."

पोरानं माझ्याकडं बघितलं. मी कार्यक्रमाचा कागद वाचायला लागलो. तो उलटा होता हे त्या पोरानंच सांगितलं.

तेवढ्यात एक जाडजूड म्हातारी खाला, म्हणजे त्यांच्याकडची मावशी, मागं सुना, लेकी, जावई असा लवाजमा घेऊन आली. पहिल्या खुर्चीवरचा टॉवेल उचलून तिनं नीट घडी घातली. "भाई साहब, आपका तौलिया..."

मामा उठला. आता भांडण होणार म्हणून मी पाय आखडले. पण तेवढ्यात पडदा हलला आणि फटीतनं एक डोळा आमच्या रांगेकडं बघायला लागला. डोळ्याच्या वर हिरवं पान होतं. पिहूच्या गटाचा आंब्याचा नाच होता, सगळ्या पोरी दशहरी आंबे.

मामानं तो डोळा बघितला. रांगेकडं बघितलं. मग हात जोडून म्हणाला, "बैठिए. लेकिन ये हमारे बड़े भाई की जगह है."

"अच्छा. तो वो आ जाएँगे तो हम उठ जाएँगे."

"वो नहीं आएँगे." मामानं टॉवेल तिच्या हातातनं घेतला. "आप उनके बदले ताली बजाइए. हमारी पोती है, पिहू. नाम लेके बजाना, ज़ोर से."

खालानं मागं वळून फर्मान सोडलं, "सुन लिया सबने? पिहू." आणि सगळा लवाजमा बसला. मामा एकेकाला जागा दाखवत होता. जावई दाजींच्या जागेवर, थोरली सून वहिनीच्या. माझ्या शेजारची खुर्ची मात्र त्यानं कुणाला दिली नाही. एक बाळंतीण लेक उभी होती, तिला स्वतःची दिली आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

आंबे आले. सगळे पिवळे, सगळे गोल, सगळ्यांच्या डोक्यावर तेच पान. मामा ओरडला, "वो देखिए, बाएँ वाली," आणि अख्खी रांग उठून त्या आंब्याकडं हात करून "पिहू, पिहू" करायला लागली. मी तर शिट्टी पण मारली. तो आंबा बिचारा घाबरून मागं सरकला, कारण ती दुसऱ्याची पोरगी होती. पार उजव्या टोकाचा आंबा नाचायचा थांबला, आमच्याकडं बघून दोन्ही हात हलवायला लागला आणि शेजारच्या आंब्याला धडकला.

नाच बिघडला. पण पिहू अशी हसत होती, की क्लासच्या बाई पण रागावल्या नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर ती पळत आली. "आजोबा, ये सब हमारे लोग हैं?"

मामानं खालाकडं बघितलं. खाला म्हणाली, "और किसके हैं, बिटिया?"

मामानं मग एकेकाच्या खांद्यावर तो तो टॉवेल टाकला. आलेल्या पाव्हण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं, टॉवेलाचा आहेर करायचा असतो. लखनौवाल्यांना काही कळलं नाही, पण आदाब करून घेऊन गेले.

पिहू आईबापाबरोबर घरी गेली. आम्ही चौकात जायला ई-रिक्षात बसलो. पिशवीत एकच टॉवेल राहिला होता, माझ्या शेजारचा.

"ह्यो का ठेवलास?"

"तुझ्या आईचा हाय." मामा बाहेर बघत होता. "जत्रंला गेलो की घरोघरी आहेर करत्यात, ते सगळं मी जपून ठेवलेलं. कुठला कुणाचा, बरोबर ठाऊक हाय. गेल्या खेपेला आक्कीनं खांद्यावर टाकला आन म्हणाली, माझं गुडघं काय लखनौपर्यंत येत न्हाईत बाबा, ह्यो ने."

म्हणजे मी पूर्ण कार्यक्रमभर आईशेजारी बसलो होतो, आणि माझं लक्ष समोशात होतं.

मी पिशवीतनं टॉवेल काढला आणि आमच्या दोघांच्या मधे सीटवर पसरला. पुढच्या नाक्यावर रिक्षा थांबली. एक माणूस चढला, त्यानं अदबीनं टॉवेलाचं टोक उचललं. "जनाब, ये आपका..."

"रहने दीजिए भाईजान," मी म्हणालो. "यहाँ कोई बैठा है."

तो बिचारा पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.