जाळी नसलेला डबा

आमच्या बदलापूरच्या सोसायटीत सकाळी गाडी सुरू केली, की मागच्या आरशात सोनावणे दिसायचे. गाडीमागे उकिडवे बसलेले, हातात पांढराशुभ्र रुमाल, आणि तो रुमाल तुमच्या सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेला. अर्धा मिनिट धरायचे, मग उजेडात उलटसुलट करून बघायचे, हुंगायचे, आणि काचेवर टकटक करून निकाल द्यायचे. "पेट्रोल जास्त खातेय. प्लग बघा." नवीन भाडेकरू पहिल्या दिवशी घाबरायचे, जुने लोक मनातल्या मनात शिव्या घालायचे. मी दोन्ही केलं आहे.

सोनावणे अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट ऑफिसर होते. निवृत्त झाल्यावर आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले. स्वतःकडे साधी स्कूटर नाही, पण आमच्या चाळीस गाड्यांच्या तब्येती त्यांना तोंडपाठ. बोलण्यात एक वाक्य हटकून यायचं, "आत काय आहे ते बघा!" समोसा घेतला तरी फोडून बघायचे. शेजारच्या नव्या टॉवरची संगमरवरी लॉबी पाहून आम्ही हरखलो, तेव्हा हे तिथल्या भिंतीवर बोटाची पेरं आपटत हिंडत होते. वॉचमनने बाहेर काढलं.

मी एसयूव्ही घेतली ती घर ते स्टेशन आणि स्टेशन ते घर एवढ्यासाठी. खरं सांगायचं तर साडू जळावा म्हणून. पेढे द्यायला गेलो तर सोनावण्यांनी पेढा हातातच ठेवला आणि मला उभ्या उभ्या शिकवणी दिली.

"गाडीच्या पोटाखाली एक डबा आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी, तिच्यावर महागड्या धातूंचा मुलामा. इंजिनातला विषारी धूर त्या जाळीतून जातो आणि बराचसा निरुपद्रवी होऊन बाहेर पडतो. पण जाळी तापली पाहिजे! तुम्ही स्टेशनपर्यंत जाणार, ती तापायच्या आत चावी काढणार. आठवड्यातून एकदा कर्जतला नेऊन आणा तिला."

"तिला म्हणजे?"

"जाळीला हो."

घरी येऊन मी बायकोला नक्कल करून दाखवली. आम्ही खूप हसलो.

आमच्या पार्किंगच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलंय, 'गाडी रिव्हर्समध्येच लावावी'. सेक्रेटरींना या शिस्तीचा फार अभिमान. त्यामुळे सगळ्या गाड्यांची तोंडं गेटकडे आणि बुडं तळमजल्याच्या खिडक्यांकडे. माझी जागा नेमकी सोनावण्यांच्या खिडकीसमोर. वार्षिक सभेत त्यांनी गाड्यांची बुडं गेटकडे करून लावा अशी मागणी केली आणि कारण म्हणून वीस मिनिटं जाळी समजावली. "गाडी थंड असताना जाळी काम करत नाही, निदान तेवढी मिनिटं तरी..." मी मध्येच उठून म्हणालो, "सोनावणे साहेब, मग गाड्या ढकलत गेटबाहेर काढू का?" सभागृह हसलं. ते खाली बसले.

स्वतःच्या बायकोबद्दल त्या वीस मिनिटांत ते एक अक्षर बोलले नाहीत. वहिनी दोन वर्षांपासून बारवी धरणाकडच्या एका पाड्यावर, भावाकडे राहत होत्या. दर रविवारी सोनावणे बसने तिकडे जाऊन यायचे. नवऱ्याच्या रुमालाला कंटाळून वहिनी माहेरी गेल्या, असं सोसायटीत म्हटलं जायचं. हा विनोद माझाच होता, आणि तो चांगला चालला.

गेल्या वर्षी माझी गाडी चढ चढेना. समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला, मागून सडक्या अंड्यांचा वास यायला लागला. सोनावण्यांनी रुमाल धरायच्या आधीच निदान केलं. "जाळी चोंदलीये. पण नुसती नवी टाकू नका. एक सिलिंडर नीट पेटत नाहीये, कच्चं पेट्रोल जाळीत जाऊन जळतंय, म्हणून ती वितळली. आधी प्लग, मग जाळी. नाहीतर नवीही वितळेल." आणि हे सगळं त्यांनी मला कागदावर लिहून दिलं, खाली रेघ मारून.

कागद घेऊन मी उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या मुरलीशेठच्या वर्कशॉपमध्ये गेलो. मुरलीशेठने कागद वाचला. "जिसने लिखा है साईं, सही लिखा है. प्लग बदली करो, नया कन्व्हर्टर डालो."

मी किंमत विचारली. मग विचारलं, "दूसरा कुछ नहीं हो सकता?"

त्याने कागदाची घडी करून माझ्या हातात परत दिली. "होता है. जाली निकाल के खाली डब्बा वापस वेल्ड. सेन्सर को छोटा पाइप लगा दूँगा, बत्ती नहीं जलेगी. बाहर से किसी को पता नहीं चलेगा. लेकिन धुआँ मारेगा, पहले बोल के रखता हूँ."

"चलेगा," मी म्हणालो. हा शब्द माझा. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

प्लग बदलले, डबा रिकामा झाला, गाडी जोरात पळायला लागली. सोनावणे गेटवरच भेटले. "नवी टाकली?"

"टाकली की."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "ओळीतली तुमचीच राहिली होती," म्हणाले. मला अर्थ कळला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रुमालही धरला नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

त्या रविवारी ते वहिनींना घेऊन आले. किरकोळ अंगाच्या, हसऱ्या बाई. आमच्याकडे पाड्यावरचे तांदूळ घेऊन आल्या. जिना चढताना दोनदा थांबल्या, पण "आता बरंय, हे म्हणतात इथली हवा सुधारलीय," असं म्हणाल्या. सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे गाडी सुरू करून, एसी लावून, फोनवर पाच-सात मिनिटं बोलत बसलो. मंगळवारीही. मंगळवारी दुपारी वहिनींचा श्वास अडकला. रिक्षातून दवाखान्यात नेलं, दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. तिथून त्या परत आल्याच नाहीत, भाऊ येऊन परस्पर पाड्यावर घेऊन गेला.

वहिनी गेल्या त्या संध्याकाळी मी खाली उतरलो तर सोनावणे माझ्या गाडीखाली आडवे पडले होते. हातातल्या पान्याने त्यांनी डब्यावर ठोकलं. पोकळ आवाज आला. पुन्हा ठोकलं. मग बाहेर येऊन पायरीवर बसले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"आमच्या कारखान्यात एक टॉवर होता," ते म्हणाले. "गॅस धुऊन बाहेर सोडायचा. आतलं भरण खराब झालं म्हणून काढलं, परत कधी भरलंच नाही. कुणी पाहणीला आलं की वरून पाणी सोडायचं. टॉवर चालू आहे, अशी रोज सही माझी. आमची क्वार्टर्स भिंतीपलीकडे. ही तिथे अंगणात पापड वाळवायची, दिवसभर."

मी काहीतरी माफीचं पुटपुटलो.

"तुम्हाला काय बोलणार? तुम्ही एकदा केलंत. मी रोज करत होतो. म्हटलं, निदान इथे तरी एकेक गाडी नीट करून घेऊ, मग तिला आणू. दोन वर्षं लागली."

दोन वर्षं लोकांच्या गाड्यांमागे उकिडवा बसलेला तो माणूस बायकोला घरी आणत होता, आणि आम्ही त्याच्या नकला करत होतो. मला स्वतःची किळस आली.

मी मुरलीशेठकडे जाऊन खराखुरा कन्व्हर्टर बसवून घेतला. "बोला था साईं," एवढंच तो म्हणाला. सोनावण्यांनी खाली वाकून पाहिलं, ठोकून पाहिलं. "बरोबर आहे."

"आता आणा वहिनींना," मी म्हणालो.

"ती नाही यायची. धसका घेतलाय तिने. मीच जातोय, कायमचा."

मी सोडतो म्हणालो. दोनदा नाही म्हणाले. सामान बरंच होतं, वहिनींचं वाफेचं मशीनही होतं, म्हणून तिसऱ्यांदा हो म्हणाले. रस्ता बारवीकडे वळला. दोन्हीकडे भात पिवळा पडत आला होता. पाडा दिसायला लागला तसं ते म्हणाले, "इथेच थांबवा."

घर अजून अर्धा किलोमीटर तरी लांब होतं. "अहो, नवीन टाकलाय. तुम्हीच तपासलात ना?"

"हो. चांगला आहे." त्यांनी पिशव्या उतरवून घेतल्या. मशीन काखेत मारलं.

"मी एक पिशवी घेतो. वहिनींना भेटतो, माफी मागतो."

"नको. तिला सांगितलंय, बसने येतोय. तुम्हाला बघितलं तर तिला तो मंगळवार आठवेल."

ते बांधावरून चालू लागले. मध्ये थांबून हात बदलत होते. लांबवर वहिनी ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या, मग दोन पायऱ्या उतरून त्यांच्या दिशेने यायला लागल्या, सावकाश, थांबत थांबत. दोघं भेटून घरात जाईपर्यंत मी गाडी सुरू केली नाही.